खिळ्यांचे टायर आणि दहा किलो तांदूळ

मला सायकल येत नाही ही गोष्ट मी वयाच्या अडतिसाव्या वर्षापर्यंत यशस्वीपणे लपवली. जगात सायकल न येणारी माणसं पुष्कळ आहेत आणि ती सुखानं जगतात. पण मी पुण्याचा, आणि पुण्याचाही त्या काळातला, जेव्हा मिसरूड फुटलेल्या प्रत्येक मुलाच्या घरासमोर एक सायकल कुलूप लावून उभी असे. तिथल्या माणसानं सायकल येत नाही म्हणणं म्हणजे मला पोळी तोडता येत नाही म्हणण्यासारखं.

कारण साधं होतं. मी सहा वर्षांचा असताना माझा थोरला चुलतभाऊ सायकलवरून पडला आणि त्याचे पुढचे दोन दात गेले. ते दुधाचे दात होते, पुढच्या सहा महिन्यांत ते तसेही पडणारच होते, पण माझ्या आईला हे पटवून देणारा कुणी निघाला नाही. तिनं त्याच दिवशी जाहीर केलं की आपल्या घरात सायकल येणार नाही. मग मी शाळेत, क्लासला आणि पुढे कॉलेजात मित्राच्या कॅरियरवर बसून गेलो. अकरा वर्षं डबलसीट. एका बाजूला पाय सोडून नाही हं, दोन्हीकडे पाय टाकून, पुरुषासारखा. वळताना हात मी दाखवायचो. घंटी तो वाजवायचा, पण "ओ काका, बाजूला" हे मी ओरडायचो. चौकात हवालदार दिसला की मी उडी मारून साळसूदपणे चालू लागायचो, कारण डबलसीटला पकडत. चढ आला की उतरून मागून ढकलायचो. सायकल चालवण्यातलं पायडल आणि तोल सोडून बाकी सगळं मला येत होतं.

त्यामुळे मुलगी बघायला रत्नागिरीला गेलो तेव्हा मी खोटं असं बोललोच नाही. भावी सासऱ्यांनी विचारलं, "कॉलेजला कसे जात होतात?" मी म्हटलं, "सायकलनं." ते म्हणाले, "रोज?" मी म्हटलं, "रोज. येताना चढाला जरा दम लागायचा." यातला शब्द न् शब्द खरा होता. मुलीनं तेवढ्यात पहिल्यांदा मान वर करून माझ्याकडे पाहिलं. तिच्या घरी जायला रस्त्यापासून साठ-सत्तर पायऱ्या होत्या, त्यामुळे त्यांच्याकडे कुणी सायकल घेतलीच नव्हती, आणि सायकल येणाऱ्या माणसाबद्दल तिला लहानपणापासून आदर होता. आदर मिळत असताना खुलासे कोण करत बसतं? मी पोहे खाल्ले.

पुढे आम्ही सिंगापूरला आलो. मी एका बँकेच्या बॅक ऑफिसात लागलो आणि बायको विद्यापीठात पोस्टडॉक म्हणून. ती लाकडाच्या लगद्यातल्या तंतूंवर काम करायची. हे तंतू इतके बारीक असतात की ते दिसत नाहीत, पण त्यांच्यापायी ती शनिवारीही लॅबमध्ये जायची. बुकित पंजांगला आठव्या मजल्यावर आमचा फ्लॅट होता. मुलगी इथंच झाली. सायकलचा विषय क्वचित निघायचा. निघाला की मी पुण्याच्या दोन गोष्टी सांगायचो, त्यात कॅरियरवरच्या माणसाला सीटवर बसवायचो, आणि विषय संपायचा. या देशात वर्षभर घाम येतो, बस दर दहा मिनिटांनी येते, इथं मला सायकलवर बसायला कोण सांगणार होतं?

सांगितलं फिनलंडनं.

मुलगी चार वर्षांची होती. गणपती तोंडावर आले होते. बायकोचा इथला करार डिसेंबरात संपत होता आणि तो वाढणार नाही असं तिला कळलं होतं. त्याच आठवड्यात फिनलंडच्या पार उत्तरेकडच्या एका गावातून तिला मेल आली. त्या गावाच्या नावात व्यंजनांपेक्षा स्वर जास्त होते. तिथल्या विद्यापीठात लाकडाच्या तंतूंसाठी अख्खी इमारत होती, आणि त्यांना ती हवी होती. तीन वर्षांचं काम, नंतर कायम होण्याची शक्यता. जानेवारीत रुजू व्हायचं. तिनं ज्या गोष्टीसाठी दहा वर्षं डोळे फोडले होते ती हीच होती, आणि ती दुसऱ्यांदा चालून येणार नव्हती, हे आम्हा दोघांनाही न बोलता कळत होतं. उत्तर कळवायला दिवाळीनंतरच्या सोमवारपर्यंत मुदत होती.

मी लगेच म्हटलं, "जाऊ या." मी नोकरी सोडीन, मुलीला सांभाळीन, पोळ्या करीन. मी हे मनापासून म्हटलं. बँकेतल्या माझ्या खुर्चीवर माझं तसं फार प्रेम नव्हतं.

पण तिच्या प्रोफेसरबाईंच्या दुसऱ्या मेलमध्ये एक परिच्छेद होता. घर विद्यापीठाच्या जवळ मिळेल. बालवाडी तीन किलोमीटरवर आहे. बस आहे, पण आमच्या गावात सगळे सायकलनंच जातात, अगदी भर हिवाळ्यातही. टायरना बारीक खिळे बसवलेले असतात, ते बर्फात रुततात. मुलांना मागे सीटवर बसवतात. तुमच्याकडे सायकल कुणाला येते?

बायकोनं मान वर केली. तिचा चेहरा अगदी निश्चिंत होता. "बघ," ती म्हणाली, "मला आयुष्यात कधी सायकल आली नाही. तू आहेस म्हणून बरं. तू पुण्याचा आहेस."

हीच वेळ होती. एका वाक्याचं काम होतं. पण मी म्हणालो, "बर्फाचं काय एवढं? ते टायर मागवले की झालं."

आणि आपण किती गंभीर आहोत हे दाखवायला मी त्याच क्षणी कॉम्प्युटर उघडून ते टायर मागवले. आम्हा लोकांची ही जुनी खोड आहे. कुठंही जायचं ठरलं की आधी इथून काय न्यायचं याची यादी. सिंगापूरला येताना आम्ही पोळपाट-लाटणं, कुकर, त्याच्या तीन शिट्ट्या आणि एक पाटा आणला होता. पाटा विमानतळावर उघडून दाखवावा लागला होता. त्या वळणावर जाऊन मी फिनलंडला न्यायला सिंगापुरात खिळ्यांचे टायर मागवले. दोन आठवड्यांनी खोकं आलं, त्यावर पाठवणाऱ्याचा पत्ता फिनलंडचा होता. तिथं हे टायर किराणा दुकानातसुद्धा मिळतात असं मला नंतर कळलं.

सायकल मिळायला वेळ लागला नाही. बुकित तिमाहच्या एका काँडोतलं, म्हणजे श्रीमंती सोसायटीतलं, कुटुंब आपल्या देशात परत चाललं होतं, त्यांनी मुलाच्या सीटसकट दिली. ती मी घरापर्यंत ढकलत आणली. बायकोनं विचारलं, "चालवत का नाही आणलीस?" मी म्हटलं, "हवा कमी आहे." हवा भरपूर होती.

आमच्या पलीकडच्या इमारतीखाली सायकलचं एक लहानसं दुकान होतं. ते एक चिनी आंटी चालवायची. वय पासष्टच्या आसपास, हातावर कायम काळं ग्रीस, आणि रोज सकाळी बाजारातून दोन्ही हँडलांना भाजीच्या पिशव्या अडकवून सायकलवरून यायची. मी टायर तिच्यापुढे ठेवले. तिनं खिळ्यांवरून अंगठा फिरवला, मग माझ्याकडे पाहिलं, मग बाहेर पाहिलं. बाहेर सकाळी नऊ वाजता डांबर मऊ होईल असं ऊन होतं.

"फॉर व्हॉट?" तिनं विचारलं.

"स्नो," मी म्हटलं.

तिनं चाकं सोडवली. टायर चढवले, हवा भरली, आणि खोक्यातून पडलेला कागद मला दिला. त्यावर लिहिलं होतं की नवे टायर एकदम बर्फावर नेऊ नयेत. आधी साध्या रस्त्यावर सावकाश चालवून खिळे नीट बसू द्यावेत, नाहीतर ते उडून जातात.

तो कागद माझ्या गळ्याशीच आला. घरी बायकोनं तो वाचला आणि म्हणाली, "मग रोज सकाळी ऑफिसच्या आधी चालवत जा. दिवाळीपर्यंत बसतील खिळे." मुलगी म्हणाली, "बाबा, कॅन आय कम?" मी म्हटलं, "खिळे बसल्यावर."

दुसऱ्या दिवशी पावणेसातला मी सायकल घेऊन खाली उतरलो आणि ढकलत निघालो. आता त्या टायरची एक गंमत सांगतो. डांबरावर ते नुसते ढकलले तरी वाजतात. कढईत मोहरी टाकल्यावर तडतडते तसा आवाज, आणि चाक फिरेल तितका वेळ थांबतच नाही. आठव्या मजल्यावरून बायकोला खिडकीतून मी झाडांमुळे दिसायचो नाही, पण तडतड दूर जाताना ऐकू यायची. तिचा समज झाला की मी चालवतोय. पहिले चार दिवस मी नुसती ढकलत इमारतीला तीन-तीन फेऱ्या मारल्या आणि घामानं निथळत घरी गेलो. तिनं कौतुकानं लिंबाचं सरबत दिलं. ते पिताना मला स्वतःची जेवढी लाज वाटली तेवढी पूर्वी कधी वाटली नव्हती.

पाचव्या दिवशी आंटीनं मला अडवलं. ती दुकानासमोर झाडू मारत होती. म्हणाली, "एव्हरी डे यू पुश." मी म्हटलं, खिळे बसवायचेत. ती म्हणाली, खिळे बसायला वर माणूस बसावा लागतो. मग झाडू भिंतीला लावून तिनं मला नीट न्याहाळलं आणि विचारलं, "यू कॅनॉट राइड, इज इट?"

बत्तीस वर्षांत हे मला विचारणारी ती पहिली बाई. मी म्हटलं, "इट इज."

मला वाटलं हसेल. ती हसली नाही. एखादं चाक आऊट आहे, वाकडं फिरतंय म्हटल्यावर ज्या चेहऱ्यानं ते बघते त्याच चेहऱ्यानं तिनं माझे गुडघे बघितले, पान्यानं सीट चार बोटं खाली घेतली, आणि मला गाड्यांच्या पार्किंगच्या इमारतीत सगळ्यात वरच्या उघड्या मजल्यावर नेलं. तिथं सकाळी चिटपाखरू नसतं. उन्हामुळे कुणी गाडी लावत नाही.

आमच्याकडे सायकल शिकवायची पद्धत ठरलेली आहे. शिकवणारा कॅरियर धरून मागे पळतो, "धरलंय, धरलंय" म्हणतो आणि सोडून देतो. मी आंटीला ती पद्धत समजावून सांगितली. ती म्हणाली, मी पळणार नाही, तू पळ. तिनं पायडलं काढून खिशात टाकली आणि मला दोन्ही पायांनी जमिनीला रेटत बसवलं, लहान मुलं लाकडी घोड्यावर करतात तसं. आठवडाभर मी असा फरफटत होतो. दुसऱ्या आठवड्यात तिनं एक पायडल बसवलं. तिसऱ्या आठवड्यात दुसरं.

धास्ती एकच होती. बायको मुलीला बालवाडीत सोडायला घेऊन सव्वासातच्या एलआरटीनं निघायची, आणि खांबांवरच्या रुळांवरून धावणारी ती छोटी गाडी त्या पार्किंगच्या अंगावरूनच जाते. वरून तिला नवरा स्पष्ट दिसला असता. पण त्या गाडीच्या काचा रहिवासी इमारतींजवळ आल्या की आपोआप धुरकट होतात, लोकांच्या घरात डोकावता येऊ नये म्हणून. ज्यानं कुणी ती सोय केली असेल त्याला आयुष्यात काही कमी पडू नये. रोज सव्वासातला गाडी जवळ यायची, काचा पांढऱ्या व्हायच्या, आतमध्ये माझी बायको बसलेली असायची आणि बाहेर मी पासष्ट वर्षांच्या बाईच्या शिव्या खात असायचो.

सहा आठवड्यांत मला सायकल आली. म्हणजे कशी आली, तेही सांगतो. सरळ यायची. डावीकडे वळता यायचं. उजवीकडे वळायला गेलो की हँडल माझ्याशी भांडायचं आणि मी भिंतीला जायचो. आंटीचं म्हणणं पडलं की हे डोक्यातलं आहे, हँडलमधलं नाही. आणि उतरता येत नव्हतं. टांग मारून ऐटीत उतरणं लांबच राहिलं. वेग कमी करायचा, दोन्ही पाय एकदम खाली टाकायचे आणि बूट घासत थांबायचं, एवढंच. तरी ज्या दिवशी मी त्या गच्चीला न थांबता दहा डाव्या फेऱ्या मारल्या त्या दिवशी मला रडू आलं. आंटी म्हणाली, "ओके लाह, नाऊ गो ऑफिस."

इकडे बायको काहीतरी वेगळीच वागत होती. दिवाळी जवळ आली तरी तिचा होकार जाईना. रोज एक नवी शंका. तिथं सूर्य दुपारी तीनला मावळतो. पोरीला कान दुखायची सवय आहे. आणि सगळ्या शंका फिरून सायकलवर यायच्या. "तू म्हणतोस टायर धरतात, पण पाहिलंय कुणी? पोरगी मागे बसणार आहे. डांबरावर काय, कुणीही चालवेल." शेवटी तिनं निकाल लावला. "मला बर्फावर चालवून दाखव. दिसलं की मी सोमवारी हो कळवते. नाही दिसलं तर नाही."

सिंगापुरात बर्फ मी तोवर सरबतातच पाहिला होता. पण पश्चिमेकडे स्केटिंगची एक रिंक होती, आणि आंटीचा भाचा तिथं बर्फ सपाट करणारं यंत्र चालवायचा, हे मला आंटीनंच सांगितलं. तो बर्फ जुना झाला होता आणि येत्या शनिवारी तो वितळवून नवा घालणार होते. भाचा म्हणाला, सकाळी आठ ते साडेआठ. जे काय ओरखडे काढायचे ते काढ.

शनिवारी आम्ही तिघं आणि सायकल टॅक्सीत बसून निघालो. शिवाय पाच किलो कणीक आणि दहा किलो तांदूळ. ही बायकोची कल्पना. मुलीचं वजन पंधरा किलो, पण पहिल्याच खेपेला ती पोरीला मागे बसवू देणार नव्हती. तिनं दोन्ही पिशव्या मुलांच्या सीटवर पट्ट्यांनी आवळल्या आणि वर मुलीची नवी लोकरीची टोपी चढवली. मुलीनं ते बघितलं आणि विचारलं, "आई, दॅट वन इज मी आह?"

रिंकमध्ये गारठा होता. आम्ही लग्नानंतर पहिल्यांदा स्वेटर घातले होते. भाच्यानं कठड्याचं दार उघडलं, मला आत घेतलं आणि सूचना दिल्या. पुढचा ब्रेक लावू नको. हँडल झटकू नको. आणि सगळ्यात महत्त्वाचं, पाय खाली टाकू नको. टायरना खिळे आहेत, तुझ्या बुटांना नाहीत.

हे ऐकलं आणि मी माझ्या बुटांकडे पाहिलं. कारण मला थांबायची तेवढी एकच पद्धत येत होती. पण तोवर त्यानं मागून ढकलून दिलं होतं.

आणि टायर धरले! शपथेवर सांगतो, डांबरावर कधी चाललो नव्हतो इतका सुरेख मी त्या बर्फावर चाललो. खाली तडतड नव्हती, नुसता कुरकुर कुरकुर असा आवाज. मागे तांदूळ आणि कणीक घट्ट बसलेले. रिंक गोल, सगळे स्केटिंगवाले तिथं डावीकडेच वळत फिरतात, त्यामुळे रस्ताही माझ्याच सोयीचा. पहिल्या फेरीला मुलगी टाळ्या वाजवत होती. दुसऱ्या फेरीला मी एक हात सोडून हलवला. तिसऱ्या फेरीला पाहिलं तर बायको हसत नव्हती. दोन्ही हातांनी कठडा धरून उभी होती.

"बस आता," ती म्हणाली. "दिसलं. उतर."

"येत नाही," मी म्हटलं आणि पुढे गेलो.

पूर्ण फेरी मारून परत आलो तेव्हा तिनं विचारलं, "काय येत नाही?"

"उतरता," मी म्हटलं. पुढे जाता जाता लक्षात आलं की आता लपवण्यात अर्थ नाही. भिंत सगळीकडून सारखीच लांब होती. पुढच्या खेपेला तिच्यासमोर आल्यावर मी ओरडून सांगितलं, "मला सायकल येत नाही!"

ते त्या रिकाम्या रिंकमध्ये चांगलंच घुमलं. भाचा यंत्रावरून खाली उतरून बघायला लागला.

पुढच्या फेरीला ती म्हणाली, "मग ही काय चालवतोयस?"

"ही आत्ता शिकलो! आंटीकडे! सहा आठवडे!"

"आणि पुण्यात?"

"कॅरियरवर!" मी म्हटलं. "अकरा वर्षं!" ती काय म्हणते हे ऐकायला मला पूर्ण फेरी घालावी लागणार होती. एवढी लांब फेरी मी आयुष्यात घातली नाही. मला वाटलं, संपलं. ती सोमवारी नकार कळवणार, ते लाकडाचे तंतू दुसरं कुणीतरी बघणार, आणि हे सगळं मी रत्नागिरीला पोहे खाताना गप्प बसलो म्हणून.

मी परत आलो तेव्हा ती रडत होती. मुलीचा हात धरून, उघडउघड, डोळे न पुसता.

"मला वाटलं होतं तू पडशील," ती म्हणाली. मी जवळून जात होतो म्हणून घाईघाईनं म्हणाली. "पडलास की मी नकार कळवणार होते. मला तिथं जायची भीती वाटते रे."

आणि मी पुढे गेलो. बायको आपल्याला दहा वर्षांत पहिल्यांदा असं काही सांगते आणि आपल्याला थांबता येत नाही, यासारखी फजिती नाही. मी जिवाच्या आकांतानं पायडल मारलं. सहा आठवडे तिच्या शंका मी माझ्या सायकलवर घेतल्या होत्या, आणि त्या सायकलच्या नव्हत्याच. सूर्य तीनला मावळतो ते तिला लागणार होतं. अनोळखी गावात तंतू नीट दिसले नाहीत तर तिथल्या लोकांना तोंड तिला द्यायचं होतं. नकाराला कारण मिळावं म्हणून ती मला बर्फावर घेऊन आली होती, आणि मी मूर्खासारखा पडलोच नव्हतो.

"मलाही," मी तिच्यासमोर येऊन म्हटलं. "रोज! त्या पार्किंगवर! रोज भीती वाटायची!"

"मग काय केलंस?" हे तिनं माझ्या पाठीला विचारलं.

याचं उत्तर द्यायला मात्र मी फेरी घालणार नव्हतो. मी मागचा ब्रेक दाबला, वळणं सोडून हँडल सरळ केलं आणि तिच्याजवळच्या कठड्यावर गेलो. टायर शेवटपर्यंत धरून होते. मी नव्हतो. माझे पाय खाली टेकले, दोन दिशांना गेले आणि मी बसलो. सायकल माझ्यावर आडवी झाली. तांदळाची पिशवी कडेला घासून फाटली आणि दहा किलोतला निम्मा तांदूळ त्या बर्फावर पसरला. वर लोकरीची टोपी.

भाचा दोन्ही हात डोक्याला लावून धावत आला. मुलगी आनंदानं ओरडली, "आई, आय स्पिल ऑलरेडी!" आणि बायको, डोळ्यांतून पाणी चालू असताना, अशी हसायला लागली की तिला कठडा धरून खाली बसावं लागलं. आमच्यामध्ये लाकडी फळ्या होत्या. फळीखालच्या फटीतून तिनं हात घातला आणि माझा हात धरला. बर्फावर बसल्यानं माझं बूड पार गोठलं होतं, पण मी उठलो नाही.

"रोज भीती वाटत होती तर केलंस काय?" तिनं पुन्हा विचारलं.

"डावीकडे वळत राहिलो," मी म्हटलं. "उजवीकडे मला अजून येत नाही."

 मग तिनं विचारलं, त्या आंटी बायकांना शिकवतात का. मी म्हटलं, शिकवतात, पण मागे पळत नाहीत.

तांदूळ आम्ही तिघांनी आणि भाच्यानं मिळून गोळा केला. घरी आल्यावर तिनं तो तीन पाण्यांनी धुतला आणि त्यातल्या दोन वाट्यांचा मसालेभात केला. निम्मा आंटीला नेऊन दिला. आंटीनं चव घेतली आणि बायकोचे गुडघे बघितले.

सोमवारी सकाळी तिनं मेल लिहिली. मला दाखवली नाही, पण मी चहा द्यायच्या निमित्तानं मागे उभा राहून वाचली. पहिल्या ओळीत होकार होता. मग घराबद्दल लिहिलं होतं. बालवाडीला जाताना आणि परत येताना फक्त डावीकडे वळावं लागेल असं घर मिळालं तर फार बरं होईल, माझ्या नवऱ्याला सध्या तेवढंच येतं आणि मुलीला तोच सोडणार आहे.